मास्तरांची आठ घरं

“मास्तर, तुमचे दात खरे आहेत का बसवलेले?”

प्रश्न माझा नव्हता. पैज तबिथा आणि इवाची होती. बोलताना मास्तरांचे वरचे पुढचे दोन दात हलतात, हे तबिथानं शोधून काढलं होतं, आणि ‘हिंमत असेल तर विचार’ म्हणून दोघी मला दोन दिवस टोचत होत्या. नववीत गेल्यापासून माझ्यात हिंमत जरा उतूच चालली होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, मम्मीशी भांडून केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते, आणि जगात कुणालाही काहीही विचारता येतं असं माझं ठाम मत झालं होतं.

चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी आणि मास्तर, एवढेच होतो. शमुवेल मास्तरांनी क्लॅरिओनेट मांडीवर ठेवली. रागावतील असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं आणि वरच्या एका दाताला बोट लावलं. दात पुढेमागे डुलला.

“खरे आहेत,” ते म्हणाले. “पण भाडेकरू झालेत. नोटीस मिळालीय त्यांना.”

तबिथा फस्सकन हसली.

“डॉक्टर म्हणत होता, आजच काढू. म्हटलं, नाताळ तेवढा होऊ दे. ह्या क्लॅरिओनेटचा सगळा भार वरच्या दातांवर असतो. ते गेले की वाजवणारा गेला.”

“मग नवीन बसवायचे की,” इवा म्हणाली.

“बसवतात की. भाकरी चावायला येतात कामाला. फुंकायला येत नाहीत.”

“म्हणजे हा तुमचा शेवटचा नाताळ?” मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझाच होता.

“वाजवायचा शेवटचा. जेवायचे अजून येतील.”

आता मी बारावीला आहे. मास्तरांना जाऊन वर्ष झालं. त्या वर्षीचं जे काही आहे ते मी तबिथा-इवाला सुद्धा कधी नीट, ओळीनं सांगितलेलं नाही. म्हणून लिहितेय.

शमुवेल मास्तर नगरच्या एका बॅण्ड कंपनीत पस्तीस वर्षं क्लॅरिओनेट वाजवत होते. वराती, मिरवणुका, पुढाऱ्यांचे सत्कार, सगळं. नाताळच्या सकाळी मात्र ते कुणाची सुपारी घ्यायचे नाहीत. त्या दिवशी ते आमच्या चर्चच्या गॅलरीत बसून वाजवायचे. पुढे लग्नांमध्ये डीजे आला आणि कंपनी बंद पडली. उरलेल्या क्लॅरिओनेटी मास्तरांनी घरी आणल्या, आणि संडेस्कूलमधून आम्हाला तिघींना उचललं. दोन वर्षांत आम्ही बऱ्यापैकी वाजवायला लागलो. त्यातही मी जास्त बरी, असं माझं मत होतं आणि ते मी लपवत नव्हते.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी नवा कीबोर्ड आणला होता. त्यात ढोल, घंटा, व्हायोलिन सगळंच होतं. माझे पप्पा चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. त्यांच्या मागे लागून मास्तरांनी नाताळच्या उपासनेत तीन गीतं मागून घेतली. तीन गीतं चार क्लॅरिओनेटींवर, बाकी सगळी कीबोर्डवर.

“कुणी काय वाजवायचं ते कागदावर लिहायचं तू,” मास्तर मला म्हणाले. “माझ्या डोळ्यांना आता पाच रेघांच्या सात दिसतात.”

मी हवेत. दिवाळीची सगळी सुट्टी मी पप्पांच्या फोनवर परदेशातले क्लॅरिओनेटवाले बघत घालवली आणि पहिल्या गीताची बांधणी केली. चार वाद्यं, चार ओळी. कुठे घंटांसारखे टिणटिण स्वर, कुठे चौघं एकमेकांच्या मागे धावतायत, कुठे शेवटी सूर वर वर वर चढतोय. मम्मी म्हणाली, गणिताला एवढं बसली असतीस तर.

आम्ही ते वाजवून दाखवलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी रीडवरची, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्टीवरची, ओल शर्टाला पुसली.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“मांडवाला एवढी लायटिंग केलीस, नवरी कुठाय ते दिसेना.”

तबिथानं इवाला कोपर मारलं. माझे कान तापले.

“ही इवा,” मास्तर म्हणाले. “हिचा दम दोन घरांपुरता. तू तिला पाच घरांची ओळ दिलीस. तबिथाची करंगळी आखूड आहे, खालचा सूर तिला पोचत नाही. आणि तू तिला सगळं खालचंच दिलंस.”

कागदावर दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मास्तर ‘घर’ म्हणत. एका घरात चार मोजायचे. त्यांच्या कंपनीत सगळे तसंच म्हणत.

“पण क्लॅरिओनेटला तो सूर असतो ना, मास्तर?”

“क्लॅरिओनेटला असतो. तबिथाला नसतो. वाद्य बघून नाही लिहायचं. माणूस बघून लिहायचं.”

मी घरी जाऊन रडले थोडी. मग सगळं खोडलं. रोज शाळा सुटली की मास्तरांच्या ओट्यावर बसायचं, त्यांनी गुणगुणायचं, मी लिहायचं. इवाची ओळ दोन दोन घरांत तोडली. तबिथाला मधले सूर दिले आणि खालचे मी घेतले. मास्तरांची ओळ लिहिताना मी न सांगता उंच सूर टाळले. त्यांना ते कळलं. ते म्हणाले, “शिकलीस.” तेवढ्या एका शब्दावर मी दोन दिवस जेवले.

पांघरूण हा शब्द मी त्याच ओट्यावर शिकले.

“वरात चार चार तास चालते,” मास्तर सांगत होते. “माणूस आहे, दम संपतो. ओठ फुटतो. मग शेजारच्यानं त्याची ओळ उचलायची. त्यानं नुसती बोटं हलवायची. वरातीला पत्ता लागता कामा नये. ह्याला आमच्यात पांघरूण घालणं म्हणतात. आणि दोन नियम. घातलं त्यानं सांगायचं नाही, आणि ज्याच्यावर घातलं त्यानंही सांगायचं नाही. दोघांनी घरी जाऊन झोपायचं.”

“तुमच्यावर कुणी घातलंय?”

“पस्तीस वर्षांत किती जणांनी घातलं असेल. म्हणून तर पस्तीस झाली.”

दुसऱ्या गीताच्या मध्यावर आलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवला.

“इथं आठ घरं तुमच्या तिघींची रिकामी सोड.”

“म्हणजे तुम्ही एकटे?”

“मी एकटा. तुम्ही वाद्यं मांडीवर ठेवायची. काही झालं तरी मांडीवर. मी माझी खाली ठेवली, की मग तिघींनी एकदम धरायचं.”

“आठव्या घराच्या शेवटी खाली ठेवणार ना?”

“ठेवीन तेव्हा ठेवीन. तू माझ्या हाताकडे बघ, कागदाकडे नको.”

मी लिहिलं. खरं तर ते मला आवडलं नव्हतं. एवढी भरगच्च बांधणी आणि मध्येच आठ घरं एकच सूर, तोही साधा, सरळ, एकही वेलांटी नसलेला. पण शेवटचा नाताळ त्यांचा. म्हटलं, असू दे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आठ घरं आम्ही पहिल्यांदा ऐकली. तीन घरं सरळ गेली. चौथ्यात सूर फाटला, हवा बाहेर सुटली, आणि मास्तरांनी तोंड बाजूला केलं. माउथपीसवर रक्ताचा ठिपका होता. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला.

“पुढचं नाताळला,” ते म्हणाले, आणि परत सराव केलाच नाही. रोज त्या आठ घरांपाशी आले की म्हणायचे, “हे झालं असं समजा.”

एकदा घरी जाताना तबिथा म्हणाली, “सगळ्यांसमोर तसंच फाटलं तर?”

“मंडळी हसतील,” इवा म्हणाली. “तो कीबोर्डवाला तर हसेलच.”

“नाही हसणार,” मी म्हणाले.

“तुला काय माहीत?”

“मला माहीत आहे.”

त्या आठवड्यात मी मास्तरांची आठ घरं पाठ केली. घरी दार लावून, अगदी त्यांच्यासारखी, थोडा खरखरीत, थोडा मागे रेंगाळणारा सूर काढून. मम्मीनं बाहेरून विचारलं, “मास्तर आलेत का गं?” एवढी जमली होती.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. नव्या साड्यांचा वास, लहान मुलांचे कडक बूट. आमची गॅलरी मागच्या बाजूला, दाराच्या वर. मंडळीची पाठ आमच्याकडे. मी कठड्यावरून वाकून बघत होते, तेव्हा तीन म्हातारे आत आले. तिघांच्या अंगात लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. कोट त्यांना आता सैल होत होते. त्यातले एक हुसेनचाचा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान चालवणारे. तिघं सगळ्यात मागच्या बाकावर, आमच्या बरोबर खाली, ताठ बसले.

“हे कशाला आलेत?” तबिथा कुजबुजली.

“केक खायला,” मी म्हणाले. तिघी हसलो.

मास्तरांनी पण खाली बघितलं. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, गळ्याचं बटण लावलेला.

पहिलं गीत झकास गेलं. इवानं प्रत्येक दोन घरांनंतर मापात श्वास घेतला. दुसरं सुरू झालं, आणि ती आठ घरं आली. तिघींनी वाद्यं मांडीवर घेतली.

मास्तर एकटे. पहिलं घर. दुसरं. चर्चमध्ये खोकणंसुद्धा थांबलं. तिसरं. चौथ्या घराच्या मध्यावर सूर कापला, बारीक झाला, आणि थांबला.

मी वाट बघितली नाही. अर्ध्या मात्रेचा खंड पडला असेल नसेल, मी चौथं घर उचललं होतं. त्यांच्याच सुरात, तसंच खरखरीत, तसंच रेंगाळत. वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघितलं. त्यांची क्लॅरिओनेट अर्ध्या वाटेवर होती, मांडीकडे निघालेली. ते माझ्याकडे बघत होते. खाली दोन-चार डोकी वळून वर बघू लागली, तेव्हा मास्तरांनी क्लॅरिओनेट परत तोंडाला लावली आणि माझ्या सुरावर बोटं हलवू लागले. आठव्या घरापर्यंत हलवली. मग खाली ठेवली, आणि आम्ही तिघींनी एकदम धरलं.

मला वाटलं, माझ्यासारखी हुशार मुलगी अख्ख्या जिल्ह्यात नाही.

उपासना संपल्यावर लोक गॅलरीच्या जिन्यापाशी गोळा झाले. मास्तरांचा हात सोडेनात. पाळकसाहेब म्हणाले, “मास्तर, कोण म्हणतं तुमचं वय झालं? ते मधलं एकट्याचं तर काय वाजलं.” पप्पांनी तर तिथल्या तिथे सांगून टाकलं, “एकतीस तारखेच्या उपासनेलाही मास्तरच वाजवणार. अजून दहा वर्षं सोडत नाही तुम्हाला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर हसले. माझ्याकडे वळून, मला एकटीला ऐकू येईल असं हळूच म्हणाले, “तुझा सूर छान लागला.”

लाल कोटवाले तेव्हा दिसले नाहीत. केक न खाताच गेले होते.

सत्तावीस तारखेला मास्तरांनी दात काढून घेतले. एकतीसला ते आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. कीबोर्डवाल्यानं वेळ मारून नेली. जिन्यावर कुणीतरी म्हणालं, “नाताळला वाहवा झाली ना, आता भाव खातायत.” दुसरं म्हणालं, “दात काढायला हाच आठवडा सापडला होता?” घरी पप्पा जेवताना म्हणाले, “मी मंडळीसमोर शब्द दिला होता. माणसानं निदान कळवायचं तरी.” पांघरुणाचे दोन नियम मला पाठ होते. मास्तरांनी ते पाळलेत आणि मीही पाळतेय, ह्याची मला जरा ऐटच वाटत होती.

जानेवारीत एका दुपारी सायकलमध्ये हवा भरायला हुसेनचाचांकडे गेले. पंप मारता मारता ते म्हणाले, “तूच ना ती? मास्तरची पोरगी, वरती बसलेली?”

“हो. तुम्ही केक न खाता का गेलात?”

“आम्ही केक खायला नव्हतो आलो पोरी. उभं राहायला आलो होतो.”

“कशाला उभं?”

त्यांनी पंप बाजूला ठेवला. “आमच्या कंपनीत रिवाज होता. माणसाचा हात थकला, दात गेले, दम गेला, की त्याचं शेवटचं वाजवणं असायचं. त्याला हार नाही, भाषण नाही. त्यानं एकट्यानं वाजवायचं. जमेल तिथपर्यंत. जिथं तुटेल तिथं तुटू द्यायचं. कुणी हात लावायचा नाही. मग तो वाद्य खाली ठेवणार, आणि बाकी सगळ्यांनी गप उभं राहायचं. बस. झाला मोकळा.”

मी सायकलचं हँडल धरून उभी होते.

“मी ताशा टाकला ना, तेव्हा माझ्यासाठी मास्तर उभा राहिला होता. रस्त्यात, वरात थांबवून. त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं, नाताळला या, कोट घालून या. दुसऱ्या गाण्यात मी थांबेन, तेव्हा उभे राहा. म्हणजे सगळ्या लोकांना पण कळेल, आता ह्याला बोलवायचं नाही. आम्ही आपले गुडघ्यावर हात ठेवून बसलो. आता थांबेल, मग थांबेल. तो थांबलाच नाही.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाही?”

“विचारलं तर. म्हटलं, बेत बदललास का रे? नुसता हसला. म्हणे, वाजलं ना चांगलं, मग झालं.” त्यांनी टायर दाबून बघितलं. “बरं वाजलं, ते खरंय. पण आता परत कुठून यायचं?”

मी तिथून थेट मास्तरांकडे गेले. ते ओट्यावर उन्हाला बसले होते. गाल आत गेले होते आणि तोंडाला रुमाल धरला होता. दोन आठवड्यांत माणूस एवढा बारीक होतो हे मला माहीत नव्हतं.

“ये सलोमी,” ते म्हणाले. माझं नावही त्यांच्या तोंडात मऊ झालं होतं.

“तुम्ही सांगितलं का नाही मला? आधी?”

“काय सांगायचं?”

“हुसेनचाचांनी सांगितलं मला सगळं.”

मास्तरांनी रुमालाची घडी घातली. “सांगितलं असतं तर तिघींनी रडत वाजवलं असतं,” ते म्हणाले. “मांडीवर ठेवा म्हटलं होतं. तेवढं पुरेल वाटलं.”

“मग नंतर तरी सांगायचं. लोक काय काय बोलतायत तुम्हाला. पप्पासुद्धा.”

“पांघरूण घातलेलं सांगत नाहीत.”

“मास्तर, ते पांघरूण नव्हतं.”

“तू घातलंस ना त्या हिशेबानं? मग पांघरूणच.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता. “चांगलं वाजवलंस. मला क्षणभर वाटलं, मीच वाजवतोय. घरी जा आता, मम्मी वाट बघत असेल.”

मी आत बघितलं. खुंटीवर एक लाल कोट होता, इस्त्री केलेला, पितळी बटणं घासून चकचकीत केलेली. नाताळला तो त्यांनी बहुधा शर्टावर घालायला बरोबर आणला असेल, खाली उतरताना घालायला.

येताना हुसेनचाचांच्या दुकानाशी थांबले. नंतर घरी गेले.

पप्पा टेबलाशी बसून रविवारी उपासनेत वाचून दाखवायच्या जाहिराती लिहीत होते. स्त्रियांची प्रार्थनासभा, मंगळवारी. कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा. मम्मी मेथी निवडत होती.

“पप्पा, रविवारी एक जाहिरात माझी आहे.”

“संडेस्कूलची?”

“नाही. मी उभी राहून सांगणार आहे, की नाताळला दुसऱ्या गीतात मास्तर चौथ्या घरात थांबले होते. पुढचं मी वाजवलं. त्यांनी मांडीवर ठेवा म्हणून सांगितलं असताना.”

पप्पांचं पेन थांबलं. मम्मी म्हणाली, “काय बोलतेस तू? म्हाताऱ्या माणसाची चार लोकांत लाज काढणार आहेस का?”

“त्यांची नाही. माझी.”

“सलोमी, झालं ते झालं,” पप्पा म्हणाले. “लोक विसरतील. आणि मी तिथे एवढं सगळं बोलून बसलोय.”

“विसरणार नाहीत. ईस्टरला परत बोलावतील त्यांना. तुम्हीच बोलवाल.”

मम्मीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. माझा आवाज कापत होता. वक्तृत्वात कधी कापला नव्हता. पण बोलायचं राहिलं नाही.

“मास्तरांना मी स्वतः हाताला धरून आणणार आहे. हुसेनचाचा आणि ते दोघं पण येणार आहेत, मी आत्ता सांगून आलेय. ह्या वेळी ते मागे नाही बसणार, पहिला बाक त्यांना ठेवा. माझं बोलून झालं की ते तिघं उभे राहतील. तेव्हा तुम्ही पुढची जाहिरात वाचायची नाही, पप्पा, आणि कुणाला टाळ्या वाजवू द्यायच्या नाहीत. ते बसेपर्यंत थांबायचं.”